फिटची वाट बघताना

"ही चक्कर नाही, ही फिट आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर माझं डोकं होतं, आडवं कापल्यासारखं, काळंपांढरं. पेनाच्या टोकानं त्यांनी एक जागा दाखवली. "हा डाग बघा. जुना आहे. लहानपणी तापात झटके आले असले की असा डाग राहतो."

माझ्या शेजारी आमचे हे बसले होते. यांचं नाव विलास. डागाकडं न बघता ते माझ्याकडं बघत होते.

"लहानपणी म्हणजे लग्नाच्या आधी?" त्यांनी विचारलं.

मॅडमना काय माहीत? त्या सहज म्हणाल्या, "खूप आधी. शाळेत असतानाच यांना फिट येत असणार."

लग्न ठरवताना माझ्या आईवडिलांनी सांगितलं होतं की पोरीला अशक्तपणा आहे, कधीमधी चक्कर येते. आमच्या गडहिंग्लजकडं त्याला तंद्री म्हणत. आठवीत असताना मी फळ्यापुढं उभी होते आणि तंद्री लागली. ओठ चाटत तशीच उभी राहिले म्हणे. पोरं हसली. गुरुजींनी वडिलांना बोलावून घेतलं, हिला घरीच ठेवा म्हणाले. शाळा तिथंच संपली. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं घरात ठरलं आणि सगळ्यांनी ते पाळलं. डोक्याचा फोटो काढणाऱ्या मशीनला ते ठरलेलं माहीत नव्हतं. आईनं जे इतकी वर्षं झाकून ठेवलं ते एका फोटोनं सांगून टाकलं. सांगू का, असं मला कुणी विचारलंही नाही.

मॅडमवर माझा राग नाही, हे आधीच लिहिते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला असा आजार असेल तर आत जाताना कोणाला बरोबर न्यायचं ते आधी ठरवा. "मला आधी एकटीला सांगा" असं म्हणता येतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

आजाराचं नाव टेम्पोरल लोब एपिलेप्सी. एपिलेप्सी म्हणजे फेफरं, मिरगी. टेम्पोरल लोब म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो तो. मेंदूत बारीक वीज सारखी खेळत असते, डागापाशी ती बिघडते आणि आजूबाजूला पसरते, असं मॅडमनी सांगितलं. हातपाय झाडत खाली पडणं म्हणजेच फिट, असं लोकांना वाटतं. माझी तशी नव्हती. मी एकटक बघत राहायचे, तोंड हलायचं, एका हातानं पदर चिमटीत धरून ओढत राहायचे. मग थोडा वेळ काही सुचायचं नाही. मला स्वतःला यातलं काहीच आठवायचं नाही. लोक सांगत तेवढंच माहीत.

आम्ही नागपुरात आलो यांच्या कामासाठी. हे बुटीबोरीला सुताच्या मिलमध्ये फिटर आहेत. सक्करदऱ्याला खोली घेतली कारण कंपनीची बस तिथून जाते. मी महाल भागात एका साडीच्या दुकानात फॉल-पिको करायचे. एकदा दुकानात फिट आली, हातात कात्री होती. कुणाला लागलं नाही, पण मालक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, घरी आराम करा." तेव्हाच तर आम्ही या मोठ्या दवाखान्यात आलो होतो.

निदान झालं आणि घरात वेगळंच सुरू झालं. लग्नाआधीच्या लपवालपवीवरून हे भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले नाहीत. बोलणंच कमी केलं. ड्युटीला जाताना बाहेरून कडी लावून कुलूप घालायला लागले. "रस्त्यावर पडलीस तर?" एवढंच म्हणायचे. किल्ली घरमालकीण राऊतकाकूंकडं. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही. मी काय करते आहे, माझे डोळे स्थिर आहेत का, हे कोणी ना कोणी सारखं बघत असायचं. कप हातातून निसटला तरी दोन जण धावत यायचे. प्रेमानंच सगळं. पण त्या प्रेमात श्वास कोंडायचा. मला फार काही नको होतं. एक तास असा हवा होता की माझ्याकडं कुणी बघत नाही.

काकूंबद्दल सांगते. त्या उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. माझ्या गोळ्यांचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एकही गोळी चुकवायची नाही. काकूंनी ते देवाच्या शब्दासारखं धरलं. सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडून यायच्या.

"काहून वं, घेतली का गोळी? आ कर. जीभ वर कर. अशी लबाडी नाई चालाची माह्यापाशी."

"काकू, मी काय लहान आहे का?"

"लहान असती तं एक थापड दिली असती. मोठी हाय म्हून तोंड पाहून राहिले."

गोळ्या बदलल्या, वाढवल्या. फिट येतच राहिल्या. मग मॅडम म्हणाल्या की दोन औषधांना न जुमानणारी फिट तिसऱ्यानं थांबण्याची आशा कमी असते. तो डाग ऑपरेशननं काढता येईल का ते बघू. त्यासाठी आधी व्हिडिओ ईईजी करायचा.

ईईजी म्हणजे डोक्यावर वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेच्या रेषा काढणं. व्हिडिओ ईईजी म्हणजे त्या वायरी लावून खोलीत राहायचं आणि कॅमेरा दिवसरात्र चालू. गोळ्या कमी करत बंद करायच्या आणि फिट येण्याची वाट बघायची. फिट कुठून सुरू होते ते तेव्हा दिसतं. जन्मभर जी येऊ नये म्हणून नवस केले, तिला आता बोलवायचं होतं.

खोली छोटी होती. वायरींना लावलेल्या गोंदाचा वास नाकात बसला होता. डोक्याला पागोट्यासारखी पट्टी, गळ्यात डबी, डबीतून जाड वायर भिंतीत गेलेली. वायर पुरेल तेवढंच जग. संडासाला जाताना नर्स बाहेर, दार अर्धं उघडं. तोंडावरून चादर घ्यायची नाही, कॅमेऱ्याला चेहरा दिसला पाहिजे. घरात निदान काकू गेल्या की डोळे मिटून पडता यायचं. इथं डोळे मिटले तरी पलीकडच्या खोलीत कळायचं.

पलीकडं निकिता बसायची. मशीन चालवणारी टेक्निशियन, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी तिला भीतभीत विचारलं, "ताई, यात मनातलं दिसतं का?"

"नाही हो. मला फक्त रेषा दिसतात. डोळे मिचकावले, दात चावले, झोप लागली, एवढं कळतं."

"मग मघाशी पलीकडून तुमचं हसू ऐकू आलं ते कशाचं?"

"तुमच्या काकू काहीतरी बोलल्या आणि तुम्ही हसलात. गाल हलला की रेषा उड्या मारतात."

तिनं खरंच सांगितलं असणार. पण माझा विश्वास बसेना. एका मशीननं माझं लहानपण ओळखलं, मग याला आजचं मन दिसणार नाही कशावरून? मी ठरवून चांगलंच मनात आणायला लागले. देवाचं नाव घ्यायचे, सासूबाईंबद्दल बरं बरं आठवायचे. हसू येईल तुम्हाला. पण आपलं डोकंच जर उघड्यावर ठेवलं असेल तर माणूस जाणार कुठं?

मला लपवायचं होतं ते एवढंच. फिट यायच्या आधी दोनचार क्षण मला गुऱ्हाळाचा वास यायचा. कढईत काकवी आटत असते तो, थोडा करपलेला. पोटातून काहीतरी वर चढायचं आणि वाटायचं की मी आमच्या अंगणात आहे, सगळे आहेत, काही बिघडलेलं नाही. मग सगळं पुसलं जायचं. मॅडम याला ऑरा म्हणतात. ऑरा म्हणजे फिटची सुरुवात, ती आपल्याला कळते तेवढी. वास येतो हे मी मॅडमना सांगितलं होतं. तो मला आवडतो, हे सांगितलं नव्हतं. घरापासून इतक्या लांब राहून घरी जायची माझी ती एकच गाडी होती. हे कळलं तर म्हणतील, हिला बरंच व्हायचं नाही.

दिवस जात होते आणि फिट येईना. मॅडमनी गोळ्या पूर्ण बंद केल्या. रात्री जागवलं. पायऱ्यांसारखा स्टूल आणून चढउतार करायला लावली. काही नाही. हे सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचे, एरवी दिवसभर काकू. काकू डबा आणायच्या आणि रोज वाटीभर दही, साखर घातलेलं. "खाय, डोकं थंड राहते," म्हणायच्या.

मग एक तरुण डॉक्टर आले. चांगले होते, पण बोलताना माझ्याकडं न बघता फाईलकडं बघत होते. म्हणाले, "काही पेशंटच्या फिट्स मेंदूतल्या विजेमुळे नसतात, मनावरच्या ताणामुळे असतात. त्या खोट्या नसतात. पण मग हे ऑपरेशन त्यांच्यासाठी नाही." त्यांनी समजावूनच सांगितलं. मला मात्र आठवीतला फळा दिसला. तेव्हा मला फिट आली म्हणून लोकांनी बाहेर काढलं, आता येत नाही म्हणून काढतील असं वाटलं.

त्याच दिवशी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या, खुर्ची ओढून बसल्या. हेही होते.

"रक्तात औषध सापडलंय," त्या म्हणाल्या. "बंद करून इतके दिवस झाले, तरी नेहमीइतकंच. तुम्ही घेताय का गोळ्या? रागावणार नाही मी."

"नाही मॅडम. देवाशपथ नाही."

"काल घेतली नाहीत? परवा?"

"नाही."

यांनी माझ्याकडं बघितलं. निदानाच्या दिवशीसारखंच. त्या नजरेत होतं, आधी एक लपवलं, आता हे. मी रडले नाही. रडले तर रेषा हलतील असं वाटलं. खोलीत तीन माणसं, भिंतीवर कॅमेरा, डोक्याला इतक्या वायरी, आणि माझ्या शब्दाला आधार एकाचाही नाही.

निकितानं सोडवलं. ती आत येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, कालचं दुपारचं रेकॉर्डिंग बघता का जरा?"

सगळे पलीकडं गेले. थोड्या वेळानं सगळे परत आले तेव्हा मॅडम ओठ आवळून हसू दाबत होत्या. पाठोपाठ काकू डबा घेऊन आल्या. त्यांना काहीच कल्पना नव्हती.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "दह्यात काय घालता?"

"साखर."

"आणि?"

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. कॅमेऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कंबरेवर हात ठेवला.

"म्याच घालतो गोळी. कुटून घालतो. मग काय करू वं मॅडम? तुमीच म्हणल्या होत्या, एक गोळी चुकली तं पोरगी पडन. मी एक दिवस चुकू नाई दिली. अन् आता तुमीच म्हणता, बंद करा, फिट येऊ द्या! हे कोणती रीत हाय दवाखान्याची? माणूस बिमार पडाची वाट पाहून राहिले सगळे, घड्याळ पाहून राहिले! माह्याच्यानं नाई पाहवत."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "कडू नाई लागलं वं तुले?"

"लागलं. मला वाटलं दही आंबट झालंय."

"आंबट? माह्या घरचं दही आंबट?" गोळी पकडली गेल्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

निकिता पहिली हसली. मग आम्ही सगळेच. हेसुद्धा, कितीतरी दिवसांनी.

मॅडम काकूंना रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चूक आमची आहे. गोळ्या का बंद केल्या ते आम्ही विलासरावांना सांगितलं, त्यांची सही घेतली. तुम्हाला सांगितलं नाही. यांनाही नीट विचारलं नाही." यांनाही म्हणजे मला. मग त्यांनी पडद्यावर माझ्या रेषा दाखवून आम्हा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. काकूंनी शेवटी विचारलं, "म्हंजे हे पोरगी पडन तवा तुमी सगळे इथंच राहान?" "हो, बाजूलाच," निकिता म्हणाली. "मंग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि त्या दिवसापासून दही नुसतं आणू लागल्या. त्यांच्यासारखं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्याशी आधी बोला. जीव लावणाऱ्या माणसालाही कारण कळावं लागतं.

त्यानंतर फिट आल्या. एक आली ती रविवारी, हे जवळ बसले असताना. मला अर्थातच काही आठवत नाही. वास आला, अंगण आलं, आणि मग एकदम नर्सचा चेहरा.

मॅडमनी विचारलं, "तुमची फिट तुम्हाला बघायची आहे का? नको असेल तर नको." असं मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी हो म्हणाले.

पडद्यावर मी होते. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. ओठ हलत होते, डावा हात चादरीची कड चिमटीत धरून सरळ करत होता, फॉल लावताना करतात तशी. ती बाई कोण? तिनं दुकानात कात्री उचलली होती ती मी उचलली असं म्हणायचं का? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की हा प्रश्न डॉक्टरांनाही पडतो, आणि त्याचं पक्कं उत्तर कुणाकडं नाही. त्यांनी उत्तर बनवून सांगितलं नाही, हे मला आवडलं.

पण त्या फिल्ममध्ये मी दुसरंच बघत राहिले. हे बाजूच्या खुर्चीवरून उठले, नर्सला बोलवायचं बटण दाबलं आणि माझ्यापाशी वाकले. माझी लाळ शर्टाच्या बाहीनं पुसली. आणि माझ्या कानाशी बोलायला लागले. निकितानं आवाज वाढवला.

"हाय मी. हितंच हाय. भिऊ नगंस. ये माघारी. सावकाश ये, मी थांबलोय न्हवं."

पुन्हा पुन्हा तेच. घरात ज्या माणसानं कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, तो माझ्यातल्या त्या रिकाम्या बाईशी असं बोलत होता. लग्नापासून किती फिट आल्या असतील. प्रत्येक वेळी हे असंच बोलले असणार. आणि ते ऐकायला मी कधीच जागेवर नव्हते.

संध्याकाळी मी यांना म्हणाले, "मी ऐकलं."

त्यांनी माझ्या गळ्यातली डबी सरळ केली. मग म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलं असतं तरी मी लगीन केलं असतं. न सांगितल्याचा राग हाय. तुझ्यावर न्हाई. पर तुझ्यावरच निघाला."

मी म्हणाले, "मग कडी?"

"ती भीती हाय. राग न्हाई."

अजून बऱ्याच तपासण्या झाल्या. फंक्शनल एमआरआय म्हणजे बोगद्यात पडून मनातल्या मनात शब्द आठवायचे, मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दिसतं. बोगद्यात हलायचं नाही, कपाळ छताला लागेल इतकं जवळ. चित्रं दाखवून नावं विचारली. सगळं झाल्यावर कळलं की डाग डाव्या बाजूला आहे आणि माझ्या शब्दांची जागाही त्याच्या शेजारीच आहे.

मॅडमनी आम्हाला बसवलं. डाग काढला तर फिट थांबण्याची चांगली शक्यता आहे, नक्की नाही. काढताना शब्दांना धक्का लागू शकतो. वस्तू समोर असेल, काम करता येईल, पण नाव ओठावर येणार नाही, असं होऊ शकतं.

"करून टाका की मॅडम," हे म्हणाले. "बरं हुतंय न्हवं."

"विलासराव, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

हे गोंधळले, पण गेले. दार लागलं. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तुम्हाला न विचारता त्यांच्यासमोर बोलले. ते बरोबर नव्हतं. आता तुम्ही सांगा. मेंदू तुमचा आहे."

मी आठवीत शाळा सुटलेली बाई. असं मोठं काही माझ्यावर कुणी सोपवलं नव्हतं. मी विचारलं ते एवढंच, "तो वास पण जाईल?"

"जाईल बहुतेक. फिट तिथूनच सुरू होते."

मग मी सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, अंगण, ते मला आवडतं तेही. वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घाई नाही. ज्यांना ऑपरेशन नको वाटतं त्यांचंही आम्ही बघतो. गोळ्यांवर सांभाळून राहणं हाही रस्ता आहे." आणि आणखी एक विचारलं, माझी फिल्म शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवली तर चालेल का. चेहरा दिसेल, नाव नाही.

ते उत्तर मला लगेच सुचलं. "माझं दाखवा. यांचं बोलणं मात्र बंद करून दाखवा. ते आमचं आहे."

ऑपरेशनचं मी घरी जाऊन ठरवलं. बरेच दिवस लागले. काकू म्हणायच्या, कर. शेजारी म्हणायचे, मेंदूला हात लावू देऊ नका, माणूस बदलतो. मी कुलूपबंद खोलीत बसून हिशेब लावत होते. त्या वासात मी घरी जात होते खरी, पण दोनचार क्षणांसाठी. आणि त्यासाठी बाकीचा सगळा दिवस पहाऱ्यात. खोटं कशाला सांगू, वासासाठी रडले. मग यांना म्हणाले, करूया. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

ऑपरेशनचं मला फारसं सांगता येणार नाही, झोपेत होते. जागी झाले तेव्हा घसा कोरडा होता आणि पाणी दिसत होतं. पण पाणी हा शब्द यायला वेळ लागला. त्या वेळी वाटलं, संपलं. बोट दाखवलं तर नर्सनं लगेच पाणी दिलं. शब्द नंतर आला. घाबरू नका, एवढंच तुम्हाला सांगते. बरेचसे शब्द मागून येतात. काही अजून अडतात. काकूंना त्याचा खेळ सापडला आहे.

"काकू, ते द्या ना, ते... पीठ..."

"पीठ काय वं? पीठ देऊ? डबा देऊ? सांग सांग."

"भोकं असतात ते!"

"चाळणी! अशी चाळणी समोर ठेवून भांडून राहिली माह्याशी."

भांडते मी आता, हे खरं. पूर्वी गप्प बसायचे. हे म्हणतात, तू बदललीस. काकू म्हणतात, डॉक्टरनं डागासंगं भेव बी काढून टाकलं. हा बदल ऑपरेशनमुळं झाला की भीती गेल्यामुळं, असं मी मॅडमना विचारलं. "दोन्ही असू शकतं, वेगळं करून सांगता येणार नाही," म्हणाल्या. मीही आता शोधत बसत नाही. जी आहे ती मीच.

तेव्हापासून फिट आलेली नाही. गोळ्या अजून आहेत, मॅडम सांगतील तोवर राहतील. पुढंही येणार नाही असं कुणी लिहून देत नाही. वास गेला. गुळाची ढेप फोडून गॅसवर पाक करून बघितला, गुळाचा वास आला, चांगला. अंगण आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, हे मी कुणापासून लपवत नाही.

पण एक सांगायचं राहिलं. फिट थांबल्या म्हणून बघणारे डोळे थांबत नाहीत. आजार डोक्यातून निघाला तरी भोवतीच्या माणसांतून निघायला वेळ लागतो. बाहेरची कडी गेली, पण हे झोपेतून उठून माझ्याकडं बघतात. मी हात हलवून दाखवते. त्यांचाही डाग आहे, त्याला ऑपरेशन नाही.

या वर्षी मी एकटीनं गावाकडं सासरी जायचं ठरवलं. सासूबाईंना आजाराचं अजून माहीत नव्हतं. यांनी लपवलं होतं, जसं माझ्या आईनं यांच्यापासून लपवलं. मी म्हणाले, मीच सांगेन, समोर बसून. हे घाबरले, पण तिकीट काढलं. स्टेशनवर हे आणि काकू दोघं आले. गाडीत माझ्या समोर एक बाई बसल्या होत्या, साताऱ्याला निघालेल्या. काकू खिडकीतून त्यांना हाक मारायला लागल्या, "ओ बाई, आमच्या पोरीकडं जरा..."

"काकू थांबा," मी म्हणाले. "मी सांगते."

गाडी सुटल्यावर मी सांगितलं. मला फिटचा आजार होता, डोक्याचं ऑपरेशन झालंय, आता येत नाही. आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, थोड्या वेळानं मी ठीक होते. अनोळखी माणसाला आपल्या तोंडानं सांगायची माझी पहिलीच वेळ. आवाज जरा चढलाच माझा.

त्या बाईंनी नीट ऐकलं. "बरं," म्हणाल्या. "तुमचा बर्थ वरचा आहे ना? तुम्ही खाली झोपा, मी वर जाते." आणि चप्पल काढून चढल्याही.

वर्धा गेलं. दुपारची गाडी एका लयीत चालली होती. वरून त्या बाईंचं घोरणं ऐकू येत होतं, चांगलं मोठं. पलीकडचे मोबाईलमध्ये होते. माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं. मी पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले.